छोट्या दीपस्तंभावरची खूण कशी ओळखायची: कारखान्यातला दोष, मूळचा फरक की नंतरची इजा?

मुंबईत छोटे दीपस्तंभ, म्हणजे खऱ्या दीपस्तंभांच्या शोभेच्या प्रतिकृती, जमवणारी माणसं थोडीच आहेत, पण ज्यांना हा नाद आहे त्यांचा तो पक्का आहे. बऱ्याच घरांतला पहिला दीपस्तंभ जहाजावर नोकरी करणाऱ्या काकाने किंवा भावाने अमेरिकेतल्या एखाद्या बंदरातून आणलेला असतो. पुढचे मग चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर, जुन्या घरांचं सामान निघतं तेव्हा, नाहीतर ऑनलाइन मागवून जमत जातात. वस्तू हातात आली की प्रश्न ठरलेले असतात. गॅलरीखालचा, म्हणजे दिव्याच्या खोलीभोवतीच्या सज्जाखालचा, हा बारीक खड्डा मूळचाच आहे की नंतर पडला? पट्टा वाकडा आहे तो रंगवणाऱ्याच्या हाताने, की मागाहून कुणी रंग फिरवलाय?

या प्रश्नांच्या उत्तरावर बरंच काही ठरतं. कारखान्यातला दोष असेल तर वस्तू प्रामाणिक आहे, फक्त कमी नीट घडलेली आहे. मूळचा फरक असेल तर ती वेगळ्या खेपेची किंवा वेगळ्या आवृत्तीची असू शकते, आणि तो फरक संग्रहात मोलाचा ठरतो. इजा असेल तर किंमत उतरते. इजा झाकून विकलेली असेल तर ती वस्तू घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे चारही प्रकार नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर सारखेच दिसतात, आणि दुकानदार प्रत्येकाला ‘मूळचंच आहे साहेब’ असं एकच उत्तर देतो.

ओळखायची किल्ली एकच आहे: थरांचा क्रम. वस्तू ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने तिच्यावर थर बसतात. आधी ओतकाम, मग घासकाम, मग प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात), रंग, वरचं लॅकर (पारदर्शक थर), तळाचं फेल्ट (चिकटवलेलं जाड मऊ कापड), क्रमांकाचं लेबल (मर्यादित आवृत्तीत प्रत्येक नगाला क्रमांक असतो), शेवटी डबा. कोणतीही खूण या रांगेत कुठेतरी बसते. ती कोणत्या थराच्या खाली आहे आणि कोणत्या थराला फोडून वर आली आहे, एवढं कळलं की निम्मं काम झालं. खड्ड्याच्या आत रंग गेलेला असेल तर खड्डा रंगाच्या आधीचा, म्हणजे कारखान्यातला. खड्ड्याच्या काठाशी रंग तुटलेला असेल आणि आतून पांढरा किंवा राखाडी गाभा दिसत असेल तर तो नंतरचा. पुढे जे काही सांगतो आहे तो सगळा याच एका नियमाचा विस्तार आहे.

आधी हाताशी काय हवं

महागडं काहीच नको. झवेरी बाजारात मिळणारं जवाहिऱ्यांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक चांगला टॉर्च, नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च, स्वयंपाकघरातला ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि बारीक मापं घ्यायला एक व्हर्नियर कॅलिपर. तपासताना खाली जाड टॉवेल अंथरा. दीपस्तंभ उचलताना घुमटाला किंवा गॅलरीला धरू नका, बुंध्याला धरा. कठडा हा या वस्तूंचा सगळ्यात नाजूक भाग असतो, आणि तपासतानाच तो तुटला तर सगळी मेहनत वाया.

टॉर्च समोरून मारू नका. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च वस्तूच्या जवळजवळ समांतर, बाजूने धरा. उजेड असा आडवा पडला की प्रत्येक उंचवट्याची आणि खड्ड्याची सावली लांबते. समोरच्या उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या मनोऱ्यावर जोडरेषा, घासल्याच्या रेघा, पुन्हा भरलेल्या जागा अशा बाजूच्या उजेडात उठून दिसतात.

वस्तू कशाची आहे ते ठरवा

दोष साहित्याप्रमाणे बदलतात, म्हणून हे आधी. तळाचं फेल्ट एखाद्या कोपऱ्यात मुळातच सुटलेलं असेल तर तिथून गाभा बघा. स्वतःहून फेल्ट ओढून काढू नका, कारण न उचकटलेलं मूळ फेल्ट हा स्वतःच एक पुरावा असतो.

रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य) दगडाची भुकटी मिसळलेली असेल, म्हणजे बाजारात ज्याला पॉलिस्टोन म्हणतात ते असेल, तर वस्तू आकाराच्या मानाने जड लागते आणि हाताला गार लागते. नुसत्या रेझिनची वस्तू हलकी असते, नखाने टकटक केलं की प्लॅस्टिकसारखा बद्द आवाज येतो. जिप्समच्या कठीण प्रकारात ओतलेली वस्तूही जड असते, पण तिच्या उघड्या गाभ्यावर पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवला तर तो शोषला जातो. रेझिनवर थेंब तसाच टेकून राहतो. चिनी मातीची असेल तर तळाच्या कडेला ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) नसलेली खरखरीत जागा दिसते, आत हवा जायला एक भोक असतं, आणि नखाने वाजवल्यावर स्वच्छ नाद येतो. नाद येत नसेल, घोगरा आवाज येत असेल, तर कुठेतरी भेग आहे असं समजा आणि ती शोधा.

पितळी दीपस्तंभ वेगळे. मुरादाबादच्या ओतकामाचे पितळी नग चोर बाजारात दिसतात. त्यांच्यावरचे बारीक खड्डे बहुतेकदा रेतीच्या साच्याचे असतात आणि ते त्या पद्धतीचाच भाग आहेत. त्यांच्यात फार शिरत नाही, कारण संग्राहकांची खरी डोकेदुखी रेझिन आणि चिनी मातीत असते.

साच्यातून आलेले दोष

पेणला किंवा जवळच्या हमरापूरला ज्यांनी गणपतीच्या मूर्तींचं काम पाहिलं असेल त्यांना हा भाग सहज समजेल. तिथे रबरी साच्यात प्लॅस्टर ओततात, मूर्ती सुटली की जोडावरची बर, म्हणजे बाहेर आलेली पातळ कड, काढतात, पॉलिश पेपरने घासतात, बुडबुड्यांचे खड्डे भरतात, मग रंग. छोट्या दीपस्तंभांचं कामही याच वळणाने जातं. फरक इतकाच की इथे सिलिकॉनचा साचा असतो आणि रेझिन ओतलं जातं.

पहिला आणि सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे हवेचा बुडबुडा. रेझिन ओतताना हवा अडकते, आणि ती अडकते ठरावीक जागी: गॅलरीच्या खालच्या बाजूला, खिडकीच्या कमानीच्या टोकाला, पायथ्याच्या खडकांच्या खाचेत. साचा उलटा भरला जात असेल तर घुमटाच्या टोकालाही. भिंगाखाली बुडबुड्याचा खड्डा जवळजवळ गोल दिसतो, कड गुळगुळीत असते, आणि रंग त्याच्या आत उतरलेला असतो, कधी तर तळाशी रंगाचं छोटंसं डबकं साठून वाळलेलं असतं. नंतर पडलेल्या टवक्याची कड तीक्ष्ण आणि ओबडधोबड असते, त्याचा आकार शिंपल्यासारखा पसरट असतो, आणि आत रंग नसतो. मात्र एका तिसऱ्या शक्यतेकडे लक्ष द्या. बुडबुडा पातळ पापुद्र्याखाली लपलेला असतो, वरून रंग बसतो, आणि कित्येक वर्षांनी एखाद्या धक्क्याने तो पापुद्रा फुटतो. तेव्हा आत रंग नसतो, पण खड्ड्याचा आकार मात्र स्वच्छ गोल असतो. हा दोष मूळचाच, फक्त उशिरा उघड झालेला. विकणाऱ्याला यासाठी दोष देऊ नये.

दुसरा म्हणजे जोडरेषा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभी बारीक रेघ उमटते. चांगल्या कामात ती घासून काढतात. घासताना हात जास्त चालला तर गोल मनोऱ्यावर एक सपाट पट्टा उरतो, विटांचं नक्षीकाम तेवढ्याच भागात पुसट होतं. आडव्या उजेडात हा सपाटपणा लगेच कळतो. दोन भाग किंचित सरकून बसले असतील तर रेघेच्या दोन्ही बाजूंची विटांची ओळ जुळत नाही, पायरी पडते. ही पायरी कारखान्यातलीच. कोणत्याही इजेने ती तयार होत नाही.

तिसरा म्हणजे अपुरी भरण. रेझिन टोकापर्यंत पोचलंच नाही, म्हणून कठड्याचा एखादा खांब अर्धवट राहिला, किंवा घुमटावरचं वाऱ्याची दिशा दाखवणारं टोक बोथट राहिलं. इथे विक्रेता आणि ग्राहक दोघांचीही फसगत होते, कारण अर्धवट खांब म्हणजे तुटलेला खांब असंच वाटतं. टोक बघा. अपुऱ्या भरणीचं टोक वितळल्यासारखं गोलसर असतं आणि पूर्ण रंगलेलं असतं. तुटलेल्या टोकाला सपाट किंवा खडबडीत छेद असतो आणि गाभा उघडा पडतो. आणि तुटलेलं टोक कुणी रंगवून टाकलं असेल तर? त्याला यूव्ही टॉर्च आहे, त्याकडे येतोच.

आता साच्याच्या झिजेबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘मूळचा फरक’ हा सगळा गुंता इथून सुरू होतो. सिलिकॉनचा साचा कायम टिकत नाही. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे रसायन सिलिकॉनला हळूहळू ठिसूळ करतं. ओतीमागून ओती होत गेल्या की साच्याच्या बारीक कडा फाटू लागतात, विटांमधल्या रेघा भरत जातात, खिडकीची चौकट मऊ होते. मग मूळ नमुन्यावरून नवा साचा काढतात आणि तपशील पुन्हा धारदार होतो. म्हणून एकाच दीपस्तंभाचे दोन नग शेजारी ठेवले तर एकाच्या विटा ठसठशीत आणि दुसऱ्याच्या पुसट असू शकतात, आणि दोन्ही अस्सल असतात. काही जण म्हणतात की कमी क्रमांकाचा नग नेहमी जास्त धारदार असतो. ते खरं मानू नका. कारखान्यात एका वेळी अनेक साचे चालतात, माल रंगून, सुकून, डब्यात भरेपर्यंत मिसळतो, आणि क्रमांक शेवटी लागतो. क्रमांकावरून धार सांगता येत नाही. धार भिंगातूनच बघायची.

झिजलेल्या साच्याची एक खूण फार उपयोगी पडते. साचा एखाद्या जागी फाटला की तिथे प्रत्येक पुढच्या ओतीत रेझिनची एक छोटी गाठ येते, अगदी त्याच जागी, त्याच आकाराची. दोन वेगळ्या नगांवर, वेगळ्या गावांतून आलेल्या, तीच गाठ त्याच खडकाच्या त्याच बाजूला दिसली तर ते एकाच साच्याचे भाऊ आहेत. असे फोटो जपून ठेवा. अमुक खूण मूळची की नंतरची, हा वाद मिटवायला याहून चांगला पुरावा नाही.

चिनी मातीत गोष्ट वेगळी. तिथे मातीचा पातळ रबडा प्लॅस्टरच्या साच्यात ओततात, प्लॅस्टर पाणी शोषतं, भिंतीला थर धरतो, उरलेला रबडा ओतून टाकतात. मग सुकताना आणि भट्टीत गेल्यावर माती आकसते. आकसण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास सहज जातं. त्यामुळे एकाच साच्यातले दोन मनोरे उंचीला थोडे कमीजास्त निघतात, भट्टीत ज्या बाजूला जास्त धग लागली त्या बाजूला मनोरा किंचित झुकतो. मोजपट्टी लावून ‘हा नकली आहे’ असं म्हणण्याआधी हे आठवा. ग्लेझवरच्या केसासारख्या जाळीदार भेगा हा माती आणि ग्लेझ यांचं आकसणं न जुळल्याचा परिणाम असतो. त्या भट्टीतून निघाल्यावर लगेच किंवा वर्षांनी उमटतात. बोटाने त्या लागत नाहीत. जी भेग बोटाला लागते, जी आरपार दुसऱ्या बाजूला दिसते, ती इजा.

रंगाचे दोष आणि रंगातले फरक

लालबागच्या मूर्तिशाळेत एकाच साच्यातल्या शंभर मूर्ती ठेवलेल्या असल्या तरी डोळ्यांची आखणी ज्या हाताने झाली त्याप्रमाणे प्रत्येक चेहरा निराळा दिसतो. हाताने रंगवलेल्या दीपस्तंभांचंही तसंच. खिडकीची चौकट किंचित बाहेर गेलेली, दाराचा रंग एका नगात गर्द हिरवा तर दुसऱ्यात निळसर, खडकांवरचा पांढरा फेस कमीजास्त. याला दोष म्हणू नये. हाताचं काम म्हटलं की हे आलंच, आणि मला तर त्यातच या वस्तूंचा जिवंतपणा वाटतो.

दोष कुठे सुरू होतो? जिथे रंगवणाऱ्याने वस्तूच चुकीची केली तिथे. यासाठी खऱ्या दीपस्तंभाची माहिती हवी. अमेरिकेतला केप हॅटरसचा विटांचा मनोरा 1870 मध्ये उभा राहिला आणि 1873 पासून त्यावर काळे-पांढरे वळसेदार पट्टे आहेत. वरची दिव्याची खोली काळी आहे. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या 1874 च्या मनोऱ्यावरही काळे-पांढरे वळसेदार पट्टेच आहेत, पण त्याच्या दिव्याच्या खोलीचा रंग लाल आहे. छोट्या प्रतिकृतीत हा लाल घुमट दोघांना वेगळं करणारी सोपी खूण आहे. म्हणून ‘केप हॅटरस’ असं लेबल असलेल्या नगावर लाल घुमट दिसला तर दोन शक्यता तपासा: रंगवण्यातली किंवा लेबलातली चूक, किंवा कुणीतरी दुसऱ्या नगाचा घुमट आणून चिकटवलाय. घुमटाच्या खालच्या सांध्यावर टॉर्च मारा. मूळ घुमटाच्या सांध्यावरून लॅकर अखंड गेलेलं असतं. चिकटवलेल्या घुमटाच्या सांध्यात डिंकाची कड दिसते.

पट्ट्यांच्या वळणाची दिशाही बघा. ती उलटी असेल तर मूळ नमुना उलट्या छापलेल्या फोटोवरून घडला असण्याची शक्यता असते, आणि मग त्या मॉडेलच्या सगळ्याच नगांत ते वळण उलटं असेल. एकाच नगात उलटं असेल तर मात्र रंग नंतर चढवलेला आहे. पडताळणीसाठी दारासारखी एखादी एकाच बाजूला असलेली गोष्ट फोटोत धरून दिशा ठरवा, नाहीतर तुमच्या हातातला फोटोच उलटा निघायचा.

काळाचाही विचार करा. केप हॅटरसचा मनोरा समुद्राने किनारा खाल्ल्यामुळे 1999 मध्ये सुमारे 2,900 फूट आत हलवला. त्या आधीची प्रतिकृती लाटांच्या कडेला उभी दाखवलेली असेल तर ती चूक नाही, त्या वेळचं चित्र आहे. खरे मनोरे वेळोवेळी नव्या रंगात रंगवले जातात. प्रतिकृतीचा रंग आजच्या फोटोशी जुळत नाही एवढ्यावरून तिला सदोष ठरवू नका.

आपल्याकडचं उदाहरणही हाताशी आहे. कुलाब्याच्या टोकाला 1875 चा प्रोंग्ज दीपस्तंभ आहे. थॉमस ऑर्मिस्टनने बांधलेला, सुमारे 41 मीटर उंच, गोल दगडी मनोरा. खांदेरीवरचा 1867 चा मनोरा मात्र अष्टकोनी. स्थानिक कारागिराकडून मुंबईचे दीपस्तंभ म्हणून कुणी प्रतिकृती करून घेतली आणि खांदेरीचा मनोरा गोल आला, तर ती रंगाची चूक नाही, नमुन्याचीच चूक आहे, आणि ती ओतण्याआधीच पकडायला हवी. अष्टकोनी मनोऱ्याचा एक फायदा असतो: साच्यातून काढताना रेझिन पूर्ण घट्ट नसेल आणि मनोरा पिळवटला असेल तर आठही कडांपैकी एखादी कड वाकडी धावते आणि ती लगेच दिसते. गोल मनोऱ्यात हाच दोष लपून जातो.

कागदी चित्रपट्टी किंवा ट्रान्सफर लावलेल्या नगांत पट्टीच्या सांध्यावर नक्षी जुळत नाही, कड उचललेली असते, खाली हवेचे फुगे राहतात. फुग्यावर लॅकर सलग असेल तर मूळचा. कड उचलली असेल आणि तिच्याखाली धूळ गेली असेल तर दोष मूळचा, पण सुटणं नंतरचं.

पिवळेपणा, आणि तो कधीचा

पांढरा मनोरा पिवळट दिसतो तेव्हा ती खेपच तशी होती की उन्हाने झालं, हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर तळाशी आहे. लेबलाच्या कडेला, फेल्टच्या आतल्या बाजूला, घुमटाच्या ओठाखाली ऊन पोचत नाही. तिथला पांढरा रंग आणि मनोऱ्याचा रंग सारखाच असेल तर खेपेचा फरक. झाकलेली जागा स्वच्छ पांढरी आणि उघडी बाजू पिवळी असेल तर ऊन. त्यातही एकच बाजू जास्त पिवळी असेल तर ती वस्तू बहुधा वर्षानुवर्षं ऊन येणाऱ्या खिडकीत उभी होती. यावर उपाय नाही; ब्लीच किंवा थिनर लावायचा मोह आवरा, लॅकर सुटून पांढऱ्याच्या जागी डाग राहतो.

दिव्याचे नग

ज्या दीपस्तंभात दिवा पेटतो त्यांच्याबद्दल मुंबईत एक वेगळीच अडचण आहे. अमेरिकेतून आलेला नग 120 व्होल्टचा असतो, आपल्याकडे 230. थेट प्लगमध्ये लावला की बल्ब जातो, आणि कधी दिव्याची खोली आतून तपकिरी पडते. आतून भाजलेला डाग म्हणजे इजा, कारखान्याचा दोष नव्हे. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल तरच तो लावा. नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर, आणा. अमेरिकन नगांतला छोटा होल्डर बहुतेकदा 12 मिलिमीटरचा असतो, आपल्याकडचा छोटा स्क्रू बल्ब 14 मिलिमीटरचा. बल्ब बसत नाही म्हणून होल्डर खराब आहे असं ठरवू नका. लोहार चाळीत 12 मिलिमीटरचा एलईडी बल्ब विचारा, तो गरमही होत नाही.

फिरणारा दिवा असेल आणि तो मंद फिरत असेल तर व्होल्टेजचा स्टेप-डाउन लावूनही तो मंदच फिरेल. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची, आणि ज्या मोटरचा वेग वारंवारतेवर चालतो ती इथे सहाव्या हिश्शाने हळू फिरते. हा दोष नाही.

सेलवर चालणाऱ्या नगांत सेलच्या कप्प्यातली स्प्रिंग बघा. हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी भुकटी म्हणजे सेल गळलेला. नवीन नग असं सांगून विकतात तेव्हाही हा कप्पा उघडून पाहा.

दुरुस्ती पकडायची कशी

अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च सावकाश खालून वर फिरवा. मूळ रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. चिकटवलेल्या सांध्यावर एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा डिंक) बहुतेकदा निळसर-पांढरी चमकते, नंतर लावलेला पांढरा रंग मूळ पांढऱ्यापेक्षा वेगळा दिसतो, काही वेळा काळसर ठिपक्यासारखा. एखाद्या ठिकाणी वेगळी चमक दिसली की दिवा लावून तीच जागा भिंगाने आणि आडव्या उजेडात पुन्हा बघा. फक्त यूव्हीवर निकाल देऊ नका. धूळ आणि कपड्याचे धागेही चमकतात.

खरा त्रास नकली नगांचा. कुणी तयार रंगवलेल्या नगावरूनच साचा काढून प्रत ओतली तर ती मूळपेक्षा किंचित लहान भरते, कारण रेझिन घट्ट होताना आकसतं. मूळ नगाच्या पायथ्याची रुंदी आणि मनोऱ्याची उंची कॅलिपरने मोजून ताडून बघा. दुसरी खूण याहून पक्की आहे: मूळ नगावरच्या कुंचल्याच्या रेषा, रंगाचे गोळे, एवढंच नव्हे तर टवकेसुद्धा प्रतीत रेझिनच्या रूपात उतरतात. म्हणजे टवक्याच्या आकाराचा खड्डा, पण आत नीट रंगलेला. थरांचा नियम इथे उलटा बोलतो: इजेच्या आकारावर कारखान्याचा रंग. हे दिसलं की वस्तू खाली ठेवा.

तळ, क्रमांक आणि प्रमाणपत्र

1990 च्या दशकात हार्बर लाइट्ससारख्या कंपन्यांनी क्रमांक घातलेल्या मर्यादित आवृत्त्या काढल्या, त्यामुळे तळ बघणं हा या छंदाचा भाग झाला. क्रमांक आणि नगासोबत आलेलं अस्सलपणाचं प्रमाणपत्र जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर वस्तू खोटी ठरत नाही. अनेकदा दोन नग एकाच घरी असतात आणि प्रमाणपत्रं अदलाबदल होतात. पण किंमत त्याप्रमाणे कमी मागा. क्रमांकाचं लेबल उचलून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं, खाली फेल्टचे धागे अडकलेले दिसले, तर मात्र सावध व्हा. लेबल वाकडं लागणं, फेल्ट थोडं लहान कापलेलं असणं, तळावर रंगाचा ओघळ, हे सगळं कारखान्यातलं आणि निरुपद्रवी.

मुंबईची हवा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत या वस्तूंचं जे होतं ते पुष्कळदा कारखान्याच्या माथी मारलं जातं. जिप्समचा नग ओलावा पितो, आणि रंगाखाली फुगे येतात. फेल्टवर बुरशी येते. पितळी किंवा लोखंडी कठडा समुद्राच्या खाऱ्या हवेने काळवंडतो किंवा गंजतो. डब्यातल्या प्रमाणपत्राला कसर लागते. पावसाळ्याआधी सेल काढा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या रंग बदलल्या की बदला, प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवा. फ्लॅटच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, ती भिंत पावसात थंड आणि ओली राहते. रंगाखालचा फुगा ओलाव्याचा की मूळचा हे ओळखायला पुन्हा तोच नियम: बोटाने हलकेच दाबल्यावर रंगाचा पापुद्रा हलला, तर रंग बसल्यानंतरची गोष्ट.

घेताना आणि विकताना

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला नुसता ‘कंडिशन कशी आहे’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘मस्त’ असंच येतं. चार फोटो मागा: तळाचा, गॅलरीच्या खालून वर बघणारा, दिव्याच्या खोलीचा जवळून, आणि बाजूने टॉर्च मारलेला एक. मटन स्ट्रीटवर दुपारच्या उन्हात दुकानाबाहेर नेऊन पाहायला मागा. तिथले जुने दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत; हरकत घेणाऱ्याकडून घेऊ नये. खोका आला की उघडण्याआधी एक व्हिडिओ काढा, कठडा वाहतुकीत मोडला असेल तर तुटलेला तुकडा खोक्याच्या तळाशी सापडतो, आणि मूळचाच अर्धवट असेल तर सापडत नाही.

स्वतः विकताना प्रत्येक खुणेपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: मूळचा दोष, मूळचा फरक, नंतरची इजा. दुरुस्ती असेल तर ती कुठे आणि कशाने केली तेही. त्यासोबत भिंगातून घेतलेला फोटो द्या, ज्यात रंग खड्ड्यात उतरलाय की काठावर तुटलाय ते दिसेल. प्रत्येक नगाची वही ठेवा: मोजमापं, वजन, क्रमांक, साच्याच्या गाठी कुठे आहेत, लेबलाखालचा रंग कसा आहे. दुसऱ्या कुणाचा त्याच मॉडेलचा नग पाहायला मिळाला की ती वही सोबत न्या आणि एकेक खूण ताडून पाहा.